बाळाच्या इकोत पीएफओ आणि पीडीए आलंय, म्हणजे हृदयाला भोक आहे का?

ऐरोलीहून एका बाबांनी विचारलंय. मुलगी ठाण्यातल्या एका रुग्णालयात सिझेरियनने झाली, पूर्ण दिवसांची, वजन तीन किलो. दुसऱ्या दिवशी तपासताना बालरोगतज्ज्ञांना छातीत हलका आवाज ऐकू आला म्हणून त्यांनी टूडी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, करून घेतली. रिपोर्टात लिहिलंय: पीएफओ २ मिलिमीटर, छोटा पीडीए, दोन्हींतला प्रवाह लेफ्ट टू राइट, बाकी सगळं नॉर्मल. तेव्हापासून घरात ‘पोरीच्या हृदयाला दोन भोकं आहेत’ हेच चाललंय. त्यांचे प्रश्न तीन आहेत. हा आजार आहे का? असेल तर पाचव्या महिन्यातल्या सोनोग्राफीत का दिसला नाही? आणि डॉक्टरांनी नाळ मिनिटभर थांबून कापली, त्यामुळे तर हे झालं नाही ना? हा शेवटचा प्रश्न आजींचा आहे.

मी ठाण्यात नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात काम करते. हाच रिपोर्ट हातात धरून रडवेले झालेले आईबाबा मला सतत भेटतात. म्हणून आधी उत्तर देते, कारण नंतर सांगते. तुम्ही लिहिलंय तेवढंच रिपोर्टात असेल, तर दोन दिवसांच्या निरोगी बाळाची इको अशीच येते. पीएफओ आणि पीडीए या रक्ताच्या दोन वाटा आहेत, एक हृदयात आणि एक हृदयालगत, आणि पोटात असताना त्या प्रत्येक बाळात उघड्या असतात. त्या उघड्या होत्या म्हणूनच तुमची मुलगी नऊ महिने जगली आणि वाढली. जन्मानंतर त्या बंद होतात, पण त्याला काही तास, काही दिवस, कधी काही महिने लागतात. तुमची इको त्या मधल्या काळात झाली, एवढंच. मात्र ‘रिपोर्ट फाडून टाका आणि विसरून जा’ असं मी म्हणणार नाही. या वाटा बंद होण्याचे दिवस हेच काही बाळांमध्ये लपलेला खरा हृदयविकार उघडा पडण्याचे दिवस असतात. दोन्ही गोष्टी समजायच्या तर पोटातलं रक्त कसं फिरतं ते नीट बघावं लागेल.

पोटातल्या बाळाच्या फुप्फुसांत हवा नसते, द्रव असतो. तो फुप्फुसांनीच तयार केलेला असतो. तिथून प्राणवायू मिळण्याचा प्रश्नच नाही. बाळाच्या वाटचं श्वासाचं, खाण्यापिण्याचं आणि कचरा बाहेर टाकण्याचं सगळं काम वार करते. आईचं रक्त नाळेतून बाळात जातं असं पुष्कळांना वाटतं, पण तसं होत नाही. वारेत बाळाच्या बारीक रक्तवाहिन्यांचे झुबके असतात आणि त्यांच्या भोवती आईचं रक्त खेळत असतं. मध्ये पातळ पडदा असतो. प्राणवायू, साखर, क्षार त्या पडद्यातून आरपार जातात, दोन्ही रक्तं मात्र आपापल्या जागी राहतात. आईचा आणि बाळाचा रक्तगट वेगळा असूनही सहसा काही बिघडत नाही ते त्यामुळेच.

नाळ कापल्यावर तिचं ताजं टोक पाहिलंत तर तीन तोंडं दिसतात. एक मोठं, पातळ भिंतीचं, थोडं पसरलेलं. ती शीर. उरलेली दोन लहान, पांढुरकी, जाड भिंतीची, आकसून घेतलेली. त्या धमन्या. नवजात बाळाला नाभीतून सलाइनची नळी घालायची असते तेव्हा आम्ही ही तीन तोंडं शोधूनच पुढे जातो. तुमच्याआमच्या शरीरात हृदयाकडून अवयवांकडे जाणाऱ्या धमन्यांत शुद्ध रक्त असतं आणि शिरांत अशुद्ध. नाळेत उलटं असतं. वारेकडून बाळाकडे येणाऱ्या त्या एकाच शिरेत बाळाच्या शरीरातलं सगळ्यात चांगलं रक्त असतं, प्राणवायूचं सॅच्युरेशन साधारण ८० टक्के. दोन धमन्या वापरलेलं रक्त परत वारेकडे नेतात.

आता ते ८० टक्क्यांचं रक्त कुठे जातं ते बघा. नाभीतून आत शिरल्यावर नाळेची शीर यकृताकडे वळते. काही रक्त यकृतात जातं, आणि काही डक्टस व्हिनोसस नावाच्या एका अरुंद आडवाटेने थेट खालच्या महाशिरेत पोचतं. ही वाट अरुंद असल्यामुळे तिच्यातून रक्त वेगाने सुटतं. वेगामुळे ते पायांकडून आलेल्या रक्तात फारसं मिसळत नाही. हृदयाच्या उजव्या वरच्या कप्प्यात ते शिरतं तेव्हा त्याचा झोत दोन वरच्या कप्प्यांमधल्या पडद्याच्या दिशेने असतो. त्या पडद्यात फोरामेन ओव्हाले नावाची फट असते. तिच्यावर डावीकडून एक पातळ झापड असते, फक्त डावीकडे उघडणाऱ्या दारासारखी. पोटात उजवीकडचा दाब जास्त असतो, त्यामुळे दार ढकललं जातं आणि चांगलं रक्त डाव्या वरच्या कप्प्यात येतं. तिथून खालच्या डाव्या कप्प्यात, आणि तिथून महाधमनीत. महाधमनीच्या अगदी सुरुवातीलाच हृदयाच्या स्वतःच्या रक्तवाहिन्या फुटतात, त्यापुढे मेंदूकडे जाणाऱ्या. म्हणजे उपलब्ध रक्तातलं जे उत्तम आहे ते आधी हृदयाला आणि मेंदूला मिळतं. तिथपर्यंत पोचताना थोडी भेसळ झालेली असते, सॅच्युरेशन ६५ टक्क्यांच्या आसपास आलेलं असतं.

डोक्याकडून आणि हातांकडून परत आलेलं, वापरून झालेलं रक्त वरच्या महाशिरेतून येतं. त्याचा झोत खाली, उजव्या खालच्या कप्प्याकडे वळलेला असतो. तो कप्पा ते फुप्फुसांच्या धमनीत ढकलतो. पण फुप्फुसं मिटलेली आहेत, त्यांच्या रक्तवाहिन्या घट्ट आवळलेल्या आहेत, रक्ताला तिथे शिरायला मोठा विरोध आहे. थोडंच रक्त आत जातं, फुप्फुसांच्या वाढीपुरतं. उरलेलं डक्टस आर्टेरिओसस या छोट्या, जाड नळीतून सरळ महाधमनीच्या उतरत्या भागात जातं. पूर्ण दिवसांच्या बाळात ही नळी रुंदीला जवळजवळ महाधमनीएवढी असते. मेंदूकडच्या फांद्या फुटून गेल्यानंतर ती महाधमनीला मिळते, त्यामुळे हे कमी प्रतीचं रक्त मेंदूकडे जात नाही. ते पोटाकडे, पायांकडे, आणि त्यातला मोठा हिस्सा नाळेच्या दोन धमन्यांतून पुन्हा वारेकडे भरून घ्यायला जातो. एवढ्या वर्षांनंतरही ही मांडणी सोनोग्राफीच्या पडद्यावर पाहताना मला तितकंच नवल वाटतं. दोन वेगळ्या प्रतीचं रक्त एकाच कप्प्यात येतं आणि तरी बऱ्याच अंशी आपापल्या वाटेने जातं.

तुमच्या रिपोर्टातला पीएफओ म्हणजे ती झापडीची फट आणि पीडीए म्हणजे ही नळी.

६५ टक्के आकडा वाचून धडकी भरली असेल, कारण तुमचं माझं सॅच्युरेशन ६५ झालं तर ॲम्ब्युलन्स बोलवावी लागेल. गर्भाला ते पुरतं, कारण त्याचं हिमोग्लोबिनच वेगळं असतं. आपल्या रक्तातलं हिमोग्लोबिन निम्मं भरायला प्राणवायूचा साधारण २७ मिलिमीटर (पाऱ्याचा) दाब लागतो, गर्भाचं २० च्या आतच निम्मं भरतं. वारेत आईच्या रक्तातून प्राणवायू ओढून घेण्याची त्याची ताकद जास्त असते. शिवाय ते प्रमाणानेही जास्त असतं, जन्माच्या वेळी १६-१७ ग्रॅम सहज. आणि हृदय मिनिटाला ११० ते १६० ठोके देत ते रक्त फिरवत असतं. हे गर्भाचं हिमोग्लोबिन जन्मानंतर साधारण सहा महिन्यांत जाऊन मोठ्यांचं हिमोग्लोबिन त्याची जागा घेतं. बीटा थॅलेसेमिया मेजर बाळात पहिले काही महिने दिसत नाही, तो याच कारणाने.

आता सोनोग्राफीचा प्रश्न. पाचव्या महिन्यात या दोन वाटा तुमच्या मुलीत उघड्या होत्याच, आणि त्या दिवशी त्या सेंटरवर तपासलेल्या प्रत्येक बाळातही होत्या. जे असायलाच हवं ते कुणी दोष म्हणून लिहीत नाही. त्या जन्मानंतर बंद होतील की नाही हे त्या सोनोग्राफीत कळायला कसलाही मार्ग नाही. तेव्हा सोनोग्राफी करणाऱ्यांवर राग धरू नका.

पण याच्याशी जोडलेली एक महत्त्वाची गोष्ट आहे. जन्मानंतर आपल्या हृदयाची उजवी बाजू फक्त फुप्फुसांना रक्त देते आणि डावी बाजू शरीराला. एक बंद पडली की दुसरी तिचं काम करू शकत नाही. पोटात तसं नसतं. दोन्ही बाजू मिळून शरीराला आणि वारेला रक्त देतात आणि दोघींमध्ये दोन वाटा खुल्या असतात. त्यामुळे हृदयाचा एखादा भाग गंभीर सदोष असला तरी रक्त दुसऱ्या वाटेने जातं आणि बाळ छान वाढतं. महाधमनी आणि फुप्फुसांची धमनी यांची अदलाबदल झालेली बाळं, ज्याला टीजीए म्हणतात, पुष्कळदा तीन-साडेतीन किलोची, गुटगुटीत जन्मतात. ‘वजन एवढं चांगलं, मग हृदय कसं खराब असेल?’ असा प्रश्न आजोबा हमखास विचारतात. पोटातलं वजन वार कशी आहे ते सांगतं, हृदयाबद्दल फारसं सांगत नाही. महाधमनी एका ठिकाणी अरुंद असण्याचा विकार, कोआर्क्टेशन, हा तर चांगल्या सोनोग्राफीतही सुटू शकतो. नळी उघडी असते तोवर त्या अरुंद भागाचा त्रास जाणवतच नाही.

जन्माच्या वेळी हे सगळं काही मिनिटांत उलटं व्हायला सुरुवात होते.

पहिली पायरी फुप्फुसांची. कळा सुरू झाल्या की बाळाच्या शरीरात ॲड्रिनलिनसारखी संप्रेरकं वाढतात आणि फुप्फुसं द्रव तयार करायचं सोडून तो शोषून घ्यायला लागतात. पहिले काही श्वास उरलेला द्रव पुढे ढकलतात आणि हवा आत येते. इथे एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. कळा यायच्या आधीच, ३७ किंवा ३८ व्या आठवड्यात मुहूर्त बघून केलेल्या सिझेरियनमध्ये ही तयारी झालेली नसते. अशी बाळं जन्मल्यावर धापा टाकतात आणि एक-दोन दिवस आमच्याकडे प्राणवायूवर राहतात. वैद्यकीय कारण असेल तर सिझेरियन करायलाच हवं. फक्त मुहूर्तासाठी असेल तर ३९ आठवडे पुरे होऊ द्या. पत्रिकेत काय फरक पडतो ते मला माहीत नाही, फुप्फुसांत मात्र पडतो.

हवा आत आली, प्राणवायू वाढला, की फुप्फुसांच्या आवळलेल्या रक्तवाहिन्या सैल होतात. त्यांच्या भिंतींमधून नायट्रिक ऑक्साइड आणि प्रोस्टासायक्लिन सुटतं, विरोध धाडकन कमी होतो आणि फुप्फुसांतलं रक्त आठ-दहा पट वाढतं. ते सगळं रक्त डाव्या वरच्या कप्प्यात परत येतं, तिथला दाब वाढतो. दुसरीकडे नाळ बांधल्यावर वारेकडून उजवीकडे येणारं रक्त थांबतं आणि तिथला दाब उतरतो. दार डावीकडे उघडत होतं, आता डावीकडचाच दाब जास्त झाल्यामुळे ते पडद्यावर दाबलं जातं आणि मिटतं. मिटतं, पण लगेच चिकटत नाही. चिकटायला महिने जातात, आणि साधारण चारांतल्या एका माणसात ते आयुष्यभर पूर्ण चिकटत नाही. त्यांतल्या बहुतेकांना ते कधी कळतही नाही.

डिलिव्हरी रूममध्ये हा बदल आम्हाला आकड्यांत दिसतो. बाळाच्या उजव्या तळहाताला पल्स ऑक्सिमीटरची पट्टी लावतो. उजव्याच, कारण त्या हाताला जाणारी धमनी डक्टसच्या आधी फुटते आणि मेंदूला मिळणाऱ्या रक्ताचा अंदाज तिथे येतो. पहिल्या मिनिटाला मॉनिटरवर ६०-६५ दिसतं. बाळ रडतंय, हातपाय झाडतंय, अंग अजून जांभळट आहे. पाचव्या मिनिटाला ८०-८५. दहाव्या मिनिटापर्यंत ८५ ते ९५. नव्याने कामाला लागलेली सिस्टर पहिल्या मिनिटाचा आकडा पाहून ऑक्सिजनकडे हात नेते, तेव्हा तिला थांबवावं लागतं. पूर्ण दिवसांचं बाळ रडत असेल, ठोके १०० च्या वर असतील, तर आकडा आपणहून चढतो. हातापायांचे तळवे त्यानंतरही एक-दोन दिवस निळसर राहू शकतात, त्याने घाबरू नका. जीभ आणि ओठांची आतली बाजू गुलाबी हवी. ती निळी असेल तर एक मिनिटही थांबायचं नाही.

आता आजींसाठी. नाळ लगेच न कापल्यामुळे हृदयाला काहीही अपाय झालेला नाही, उलट भलंच झालंय. नाळ बांधेपर्यंत वारेतलं बाळाचंच रक्त बाळाकडे येत राहतं. पूर्ण दिवसांच्या बाळाला पहिल्या मिनिटात त्यातून ८० मिलिलिटरच्या आसपास रक्त मिळू शकतं. तीन किलोच्या बाळाचं एकूण रक्त अडीचशे मिलिलिटरच्या आसपास असतं, त्या मानाने हे किती आहे बघा. त्यात पुढच्या काही महिन्यांचं लोह असतं. जागतिक आरोग्य संघटनेची शिफारसही एक ते तीन मिनिटं थांबण्याचीच आहे, बाळाला लगेच श्वास देण्याची गरज नसेल तर. हृदयाच्या बाजूने पाहिलं तर कारण आणखी सरळ आहे. जन्माच्या क्षणी डाव्या बाजूला येणारं बरंचसं रक्त अजून नाळेतूनच येत असतं. फुप्फुसांत हवा शिरायच्या आधी नाळ बांधली तर तो पुरवठा तुटतो आणि फुप्फुसांकडून नवा पुरवठा सुरू झालेला नसतो. हृदयाचे ठोके त्या वेळी खाली येतात. आधी श्वास, मग नाळ, हा क्रम बाळाला सोसतो. थांबल्यामुळे कावीळ थोडी जास्त दिसू शकते, म्हणून ती बघत राहावी लागते. तेवढंच.

राहिली ती नळी, डक्टस आर्टेरिओसस. महाधमनीची भिंत लवचीक असते, या नळीच्या भिंतीत मात्र स्नायू भरपूर असतो. पोटात दोन गोष्टी तिला सैल ठेवतात: रक्तातला कमी प्राणवायू, आणि मुख्यतः वारेतून येणारं प्रोस्टाग्लँडिन नावाचं रसायन. जन्मानंतर प्राणवायू वाढतो, वार गेलेली असते, आणि उरलेलं प्रोस्टाग्लँडिन फुप्फुसं नष्ट करतात. स्नायू आकसतो. पूर्ण दिवसांच्या बहुतेक बाळांत नळी पहिल्या दोन-तीन दिवसांत काम थांबवते आणि दोन-तीन आठवड्यांत तिचा नुसता दोर उरतो. यकृताजवळची आडवाटही पहिल्या आठवड्याभरात मिटते. नळी बंद होत असताना तिच्या अरुंद होत चाललेल्या तोंडातून रक्त जोराने जातं आणि दुसऱ्या दिवशी तपासताना तोच आवाज ऐकू येतो. तुमच्या डॉक्टरांनी तो ऐकला आणि खात्री करून घेतली. चांगलं केलं.

प्रोस्टाग्लँडिनवरून गरोदर बायकांसाठी एक गोष्ट. आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांसारख्या वेदनाशामक गोळ्या प्रोस्टाग्लँडिन तयार होऊ देत नाहीत. शेवटच्या तिमाहीत अशी गोळी घेतली तर पोटातच ही नळी आकसू शकते, आणि पोटात ती आकसणं धोक्याचं आहे. त्याआधीही, विसाव्या आठवड्यानंतर, या गोळ्यांनी बाळाच्या किडन्यांवर ताण येऊन गर्भजल कमी होऊ शकतं. पाठ दुखते म्हणून मेडिकलमधून पॅरासिटामॉल आणि आयब्युप्रोफेनची एकत्र गोळी आणली जाते आणि पाकिटावरचं नाव कुणी वाचत नाही. वाचा. दुखणं असेल तर आपल्या स्त्रीरोगतज्ज्ञांना विचारा. मात्र रक्तदाबाच्या धोक्यासाठी डॉक्टरांनीच कमी मात्रेची ॲस्पिरिन लिहून दिली असेल, तर हे वाचून ती परस्पर बंद करू नका. तिची गोष्ट वेगळी आहे.

फार लवकर जन्मलेल्या बाळांत उलटा प्रश्न असतो. त्यांची नळी बंद व्हायला तयारच नसते, जास्तीचं रक्त फुप्फुसांत जातं आणि व्हेंटिलेटर सुटत नाही. तिथे गरज पडली तर आयब्युप्रोफेन किंवा पॅरासिटामॉलच औषध म्हणून वापरतात. तुमची मुलगी पूर्ण दिवसांची आहे, तिला यातलं काही लागू नाही.

तुमचा रिपोर्ट आता पुन्हा वाचा. ‘लेफ्ट टू राइट’ हे शब्द चांगले आहेत. डावीकडचा दाब वाढलाय, फुप्फुसं उघडली आहेत, बदल योग्य दिशेने झालाय, असा त्याचा अर्थ. हेच ‘राइट टू लेफ्ट’ किंवा दोन्ही दिशांनी असं आलं असतं, तर फुप्फुसांतला दाब उतरला नाही किंवा हृदयाच्या रचनेत दोष आहे असं समजून मी बाळाला घरी सोडलं नसतं. पीएफओ २ मिलिमीटर म्हणजे मिटलेल्या दाराच्या कडेतून येणारी गळती. महाधमनीची कमान नॉर्मल, चारही झडपा नॉर्मल, खालच्या कप्प्यांमधला पडदा अखंड, ही वाक्यं ‘बाकी सगळं नॉर्मल’मध्ये आहेत का ते बघून घ्या. व्हीएसडी (खालच्या कप्प्यांमधल्या पडद्यातलं छिद्र), मोठा एएसडी (वरच्या कप्प्यांमधल्या पडद्यातलं छिद्र), कोआर्क्टेशन यांपैकी काही लिहिलं असेल तर माझं वरचं उत्तर लागू होत नाही, सरळ बालहृदयरोगतज्ज्ञांना भेटा.

नळी बंद होण्याचे दिवस धोक्याचे का, हे एका उदाहरणाने सांगते. भिवंडीच्या बाजूचं एक बाळ, जन्मतः तीन किलो, दुसऱ्या दिवशी घरी. सहाव्या दिवशी दूध ओढेना, झोपूनच राहायला लागलं. घरच्यांना वाटलं थंडी बाधली, शेकलं, ओवा जाळून धुरी दिली. रात्री आमच्याकडे आणलं तेव्हा अंग राखाडी, श्वास जलद. उजव्या हाताची नाडी लागत होती. जांघेत बोट ठेवलं तर काहीच लागत नव्हतं. पाय गुडघ्यापर्यंत गार. महाधमनी अरुंद होती, आणि नळी उघडी होती तोवर शरीराच्या खालच्या भागाला तिच्यातून रक्त मिळत होतं. नळी मिटली आणि पुरवठा संपला. अशा वेळी आम्ही वार जे देत होती तेच शिरेतून देतो, प्रोस्टाग्लँडिन ई१ चं ड्रिप. त्याने बाळाचा श्वास मध्येच थांबू शकतो, म्हणून व्हेंटिलेटर शेजारी तयार ठेवावा लागतो. थोड्या वेळाने पाय कोमट लागायला लागले, पहाटे डायपर ओला झाला. शस्त्रक्रियेपर्यंत बाळ टिकलं ते त्या उघडलेल्या नळीच्या जोरावर. हे औषध १९७० च्या दशकात वापरात आलं. त्याआधी अशी बाळं हातात असूनही वाचवता येत नसत. गंमत बघा, उघडी राहून गेलेली नळी शस्त्रक्रियेने बांधणं त्याच्या कितीतरी आधी, १९३८ साली, बोस्टनमध्ये रॉबर्ट ग्रॉस यांनी सात वर्षांच्या एका मुलीवर करून दाखवलं होतं. नळी बंद करायला माणूस आधी शिकला आणि उघडी ठेवायला नंतर.

म्हणून माझा आग्रह असतो की बाळ घरी न्यायच्या आधी, २४ तास झाल्यावर, उजवा हात आणि एक पाय अशा दोन ठिकाणी सॅच्युरेशन बघून घ्या. दोन-चार मिनिटांचं काम, सुई नाही, वेगळं मशीन नाही. दोन्हीकडे ९५ किंवा वर आणि दोघांत तीनपेक्षा जास्त फरक नाही, तर ठीक. कुठेही ९० च्या खाली असेल तर लगेच इको. मधलं काही असेल तर तासाभराने पुन्हा बघायचं. आपल्याकडे सगळ्याच रुग्णालयांत ही तपासणी नेमाने होते असं नाही, म्हणून आईबाबांनी मागायची. कोआर्क्टेशन यातूनही सुटू शकतं, त्यामुळे जांघेतली नाडी बघितली का हेही विचारा. विचारल्याचा कुठल्याही चांगल्या डॉक्टरला राग येणार नाही.

तुमच्या मुलीची इको झालीच आहे, तेव्हा तिच्यासाठी आता पुढचं. सहा आठवडे ते तीन महिन्यांच्या दरम्यान एकदा इको पुन्हा करून घ्या, शक्यतो लहान मुलांची इको नेहमी करणाऱ्या तज्ज्ञाकडे. त्याआधी दर आठवड्याला इको करायची काही गरज नाही. नळी तीन महिन्यांनंतरही उघडी राहिली तरी लहान असेल तर घाई नसते. बंद करायची ठरलीच तर आता बहुतेक वेळा मांडीच्या शिरेतून छोटं बटण बसवून बंद करतात, छाती उघडावी लागत नाही. पैशांची अडचण असेल तर राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम आणि महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना यांतून मदत मिळते, आणि तुमच्यापासून फार लांब नाही अशा खारघरला श्री सत्य साई संजीवनीमध्ये मुलांच्या हृदयाच्या शस्त्रक्रिया मोफत होतात.

तोवर घरी काय बघायचं? दूध पिताना बाळ मध्येच दमून सोडतंय का, कपाळावर घाम येतोय का, शांत झोपेत श्वास मिनिटाला ६० च्या वर जातायत का, लघवी कमी झाली का, पाय गार आणि अंग फिकट पडतंय का. श्वास पूर्ण मिनिटभर मोजा, नवजात बाळाचे श्वास कमीजास्त होत राहतात आणि पंधरा सेकंद मोजून चारने गुणलं तर फसायला होतं. यातलं काहीही पहिल्या आठवड्यात दिसलं तर ओपीडीची वेळ बघत बसू नका. नवजात बाळांचा आयसीयू रात्रीही चालू असलेलं जवळचं रुग्णालय आजच ठरवून ठेवा, ऐरोलीतून विटाव्यामार्गे ठाण्याकडे यायचं की ठाणे-बेलापूर रोडने वाशी-नेरूळकडे जायचं हेही. रात्री दोन वाजता त्यावर घरात चर्चा होता कामा नये. गाडी नसेल तर १०८.

आणखी एक. फुप्फुसांतला विरोध पहिल्या दिवशी एकदम उतरतो, पण तो मोठ्यांच्या पातळीला यायला सहा-आठ आठवडे लागतात. त्यामुळे खालच्या कप्प्यांमधलं खरं, मोठं छिद्र असलेलं बाळ पहिला महिना छान दिसतं आणि दुसऱ्या महिन्यात दमायला लागतं. तुमच्या रिपोर्टात तसं काही नाही. तरीही सहा आठवड्यांच्या लसीला जाल तेव्हा डॉक्टरांना छाती ऐकायला आणि वजनाचा आलेख बघायला जरूर सांगा.

बाकी मुलीला अंगावरचं दूध मागेल तेव्हा द्या, तिला रडू द्यायला घाबरू नका, अंघोळ, मालीश, लसी सगळं वेळेवर. पीएफओ आणि पीडीए आहे म्हणून कुठलीही लस पुढे ढकलायची नाही. आणि इकोच्या फाइलवर तारखेसोबत ‘वय २ दिवस’ असं ठळक लिहून ठेवा, पुढच्या वेळी ती फाइल उघडणाऱ्या डॉक्टरला सगळ्यात आधी तेच लागेल.